नगरपरिषदेच्या वर्षभराच्या कामाचा हिशेब : नागरिकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातील नगरपरिषदा आणि नगरपंचायतींचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि ३१ मार्चला संपते. त्यानंतर काही महिन्यांनी वार्षिक प्रशासन अहवाल तयार होतो, चौकात फलक लागतात, आणि सामान्य करदात्याच्या मनात मात्र एकच प्रश्न उरतो, की गेल्या वर्षीपेक्षा आपल्या गल्लीत नेमके काय सुधारले? आमच्या प्रभागातील लोक गेली काही वर्षे हे अहवाल घेऊन माझ्याकडे येतात. त्यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

प्रश्न : नगरपरिषदेने वर्षभरात प्रगती केली, असे कशावरून म्हणायचे?

खर्च झालेला पैसा, हाती घेतलेली कामे आणि घरापर्यंत पोहोचलेली सेवा या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि अहवालात बहुतेक वेळा पहिल्या दोनच ठळक अक्षरांत असतात. अमुक प्रभागात नवी जलवाहिनी टाकली, ही खर्चाची आणि कामाची नोंद झाली. त्या वाहिनीवरच्या शेवटच्या घरात पाणी किती वाजता आले, किती वेळ टिकले आणि वरच्या मजल्यावर चढले की नाही, ही सेवेची नोंद होय. माझ्या मते प्रगती या दुसऱ्या नोंदीवरूनच मोजावी, आणि तीही मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी ताडून. मे महिन्यातील पाण्याची तुलना ऑगस्टमधील पाण्याशी केली, तर कोणतीही नगरपरिषद कार्यक्षम ठरेल.

ही मोजणी कशी करावी, याचा सरकारी आराखडा फार पूर्वीच तयार झालेला आहे. केंद्र शासनाच्या नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये सेवास्तर मापदंड प्रसिद्ध केले. पाणीपुरवठा, मलनिस्सारण, घनकचरा व्यवस्थापन आणि पावसाळी पाण्याचा निचरा या चार सेवांसाठी त्यांत एकूण २८ निर्देशक आहेत. आपल्या नगरपरिषदेच्या अहवालात या निर्देशकांचा तक्ता आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. तक्ता असेल, तर त्यातला ‘मागील वर्ष’ हा रकाना भरलेला आहे का, तेही पाहावे, कारण एकाच वर्षाच्या आकड्याला तुलनेअभावी फारसा अर्थ उरत नाही.

प्रश्न : हा हिशेब कोणकोणत्या कागदांत सापडतो?

एका कागदात तो सापडत नाही, हीच खरी अडचण आहे. वार्षिक प्रशासन अहवालात विभागवार कामाचे वर्णन असते, अंदाजपत्रकात पैसा कुठून येणार आणि कुठे जाणार याचा अंदाज असतो, वार्षिक लेख्यांत प्रत्यक्ष जमा व खर्च असतो, आणि स्थानिक निधी लेखापरीक्षा विभागाच्या अहवालात त्या खर्चावरचे आक्षेप असतात. पहिल्या कागदाची भाषा नेहमी उजळ असते आणि शेवटच्या कागदाची कोरडी असते. वेळ कमी असेल, तर शेवटचा आधी वाचावा.

अंदाजपत्रकात तीन रकाने शेजारी शेजारी असतात : मागील वर्षाची प्रत्यक्ष रक्कम, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज. सभेत चर्चा होते ती तिसऱ्या रकान्याची आणि वर्तमानपत्रात छापून येते तीही त्याचीच, पण नागरिकाने बोट ठेवावे ते पहिल्या रकान्यावर. बागेसाठी मागील तीन वर्षे तरतूद होत आहे आणि प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यात तीनही वर्षे शून्य आहे, असे दिसले की वेगळ्या पुराव्याची गरज राहत नाही.

प्रश्न : आमच्या गावी नगरपरिषद आहे, शेजारच्या गावी नगरपंचायत. दोघांची तुलना करता येईल का?

जपून करावी. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ नुसार एक लाखाहून अधिक लोकसंख्येची नगरपरिषद ‘अ’ वर्गात, ४०,००० ते एक लाख लोकसंख्येची ‘ब’ वर्गात आणि त्याहून लहान ‘क’ वर्गात मोडते. ग्रामीण भागातून नागरी भागात रूपांतर होत असलेल्या गावांसाठी नगरपंचायत असते. वर्ग बदलला की मंजूर पदे, अभियंत्यांची संख्या आणि उत्पन्नाची साधने बदलतात. ज्या कार्यालयात एकच अभियंता पाणी, रस्ते आणि बांधकाम परवानग्या असे तिन्ही विषय सांभाळतो, त्याच्याकडून ‘अ’ वर्गातील नगरपरिषदेच्या वेगाची अपेक्षा करणे रास्त नाही. स्वतःच्या मागील वर्षाशी मात्र प्रत्येकाची तुलना करता येते आणि ती केलीच पाहिजे.

प्रश्न : पाणीपुरवठा सुधारला की नाही, हे आम्ही घरबसल्या कसे ओळखावे?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, त्यामुळे त्याचे उत्तर सविस्तर देत आहे.

सेवास्तर मापदंडांनुसार नागरी भागात माणशी दररोज १३५ लिटर पाणी मिळावे, प्रत्येक घराला नळजोडणी असावी, जोडण्यांना मीटर असावेत, चोवीस तास पुरवठा व्हावा आणि ज्या पाण्याचा महसूल मिळत नाही असे पाणी एकूण पाण्याच्या २० टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, अशी उद्दिष्टे आहेत. प्रत्यक्षात अनेक गावांत दिवसाआड, काही ठिकाणी त्याहूनही मोठ्या खंडाने पाणी येते. तरीही त्याच गावाच्या अहवालात ‘दरडोई पुरवठा’ पुरेसा दिसू शकतो, कारण तो आकडा जलशुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडलेल्या पाण्याला लोकसंख्येने भागून काढलेला असतो. वाटेतील गळती, बेकायदा जोडण्या आणि ओसंडणारी टाकी हे सारे त्या भागाकारात नागरिकाने प्यालेले पाणी म्हणून धरले जाते.

यावर आमच्या गल्लीतील एका आजींनी काढलेला उपाय मला अहवालातील तक्त्यापेक्षा भरवशाचा वाटतो. त्यांचे घर वाहिनीच्या अगदी टोकाला आहे. पाणी आले की त्या २० लिटरची बादली नळाखाली ठेवतात, ती भरायला लागलेली मिनिटे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकोनात लिहितात आणि पाणी गेले की ती वेळही टिपतात. एके वर्षी नवीन जलकुंभाचे लोकार्पण झाले, त्याआधीच्या महिन्यात बादलीला सहा-सात मिनिटे लागत होती आणि नंतरच्या महिन्यातही तेवढीच लागली. त्या चौकोनांचे छायाचित्र अर्जासोबत जोडल्यावर टाकीपासून आमच्या भागापर्यंतची जुनी वाहिनी बदललेलीच नाही, हे कार्यालयाने मान्य केले. टाकी नवी होती, दाब मात्र जुन्याच नळातून येत होता. आधीच्या वर्षी आम्ही सर्वांनी मिळून नुसते ‘पाणी कमी येते’ असे लिहून दिले होते, आणि त्या अर्जाला कोणतेही उत्तर आले नव्हते.

चोवीस तास पाणी हे लहान गावाला झेपणारे नाही, असेही ऐकू येते. सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या मलकापूरने ते करून दाखवले. तेथे प्रत्येक जोडणीला मीटर बसवले आणि वापर वाढेल तसा दर वाढत जाईल, अशी आकारणी ठेवली. पाणी सतत येत असल्याने साठवून ठेवण्याची गरज संपली आणि मीटरमुळे वाया घालवणे परवडेनासे झाले. आपल्या गावात मीटरला विरोध होतो तेव्हा हे उदाहरण अवश्य सांगावे, कारण मीटर नसलेल्या गावात जास्त पाणी ओढणारा आणि टोकाला राहणारा असे दोघेही सारखीच पाणीपट्टी भरत असतात, आणि त्यात तोटा नेहमी टोकाला राहणाऱ्याचा होतो.

प्रश्न : पाणी शुद्ध आहे, हे अहवालावरून समजते का?

किती नमुने तपासले आणि किती दूषित आढळले, एवढे समजते. नमुने कोठून घेतले, हे विचारावे लागते. शुद्धीकरण केंद्राच्या आवारातील नळाचा नमुना चांगला येणारच. पुरवठ्याच्या टोकाच्या घरातही पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असले पाहिजे, कारण वाटेत गटाराशेजारून जाणाऱ्या फुटक्या नळातून घाण आत शिरते ती तेथेच. पाणीपुरवठ्याचे कर्मचारी ज्याला ‘ओटी टेस्ट’ म्हणतात, ती अगदी साधी असते. लहान नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो आणि नसल्यास पाणी तसेच राहते. पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यात आपल्या घरी ही तपासणी करण्याची विनंती पाणीपुरवठा विभागाकडे करावी आणि तिची नोंद तपासणीच्या वहीत झाली का, तेही पाहावे.

प्रश्न : घंटागाडी रोज येते. मग कचऱ्याच्या बाबतीत प्रगती झाली, असे मानावे का?

घंटागाडी ही सुरुवात आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार ओला, सुका आणि घातक असा घरगुती कचरा निर्माण होतो त्याच जागी, म्हणजे घरातच, वेगळा करणे बंधनकारक झाले. घरात वेगळा केलेला कचरा गाडीत एकत्र होत असेल, तर गृहिणीची मेहनत आणि गाडीचे डिझेल दोन्ही फुकट जाते, शिवाय दुसऱ्या महिन्यापासून लोक वेगळा करणेच सोडून देतात. म्हणून पाहणी करायची ती गाडीच्या मागे उभे राहून. मधला पडदा आहे का, दोन्ही कप्प्यांत काय पडते आणि गाडी रिकामी कोठे होते, या तीन गोष्टी एका सकाळीत कळतात.

त्यानंतर डेपोवर जावे. तेथे खतनिर्मितीचे खड्डे वापरात आहेत का, सुका कचरा विकला जातो का आणि त्याच्या विक्रीची पावती जमेच्या बाजूला दिसते का, हे विचारावे. वर्षानुवर्षे साठलेल्या कचऱ्याच्या ढिगावर बायोमायनिंग, म्हणजे जुना कचरा उपसून आणि चाळून वेगळा करण्याचे काम, सुरू असेल, तर ढीग किती घनमीटर होता आणि आता किती उरला, याची मोजणी उपलब्ध असते. एका बाजूने ढीग उपसला जात आहे आणि दुसऱ्या बाजूला रोजचा कचरा न निवडता टाकला जात आहे, असे दिसले तर ते काम कधीच पूर्ण होणार नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ल्याने आपल्या कचरा डेपोचेच पाहण्याजोगे ठिकाण केले, आणि लहान नगरपरिषदांचे लोक ते पाहायला जातात. तेथे नाकाला रुमाल न लावता उभे राहता येते, आणि ज्यांनी आपल्या गावचा डेपो पाहिलेला आहे त्यांना याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

प्रश्न : आमच्या शहराला स्वच्छतेचा पुरस्कार मिळाला आहे. तो प्रगतीचा पुरावा समजावा का?

पुरस्काराचा आनंद जरूर मानावा. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांमध्ये २०२० साली कऱ्हाड, २०२१ साली विटा, २०२२ साली पाचगणी आणि २०२३ साली सासवड देशात पहिले आले. सलग चार वर्षे हा मान महाराष्ट्रातील लहान नगरपरिषदांकडे राहिला, आणि त्यामागे तेथील सफाई कर्मचाऱ्यांनी पहाटे पाचपासून केलेले काम आहे, हे विसरता कामा नये.

मात्र सर्वेक्षण ठरावीक काळात होते. पथक येण्याच्या आधीच्या पंधरवड्यात भिंती रंगतात, शौचालयांत पाणी येते आणि कचराकुंड्या गायब होतात. त्यामुळे पुरस्काराची खरी कसोटी पथक परत गेल्यावर तीन महिन्यांनी लागते. त्या वेळी सार्वजनिक शौचालयाच्या दाराला कडी आहे का, नळाला पाणी आहे का आणि रात्री दिवा लागतो का, हे पाहून यावे. २ ऑक्टोबर २०२० रोजी राज्यात सुरू झालेल्या माझी वसुंधरा अभियानालाही हेच लागू होते. त्यात भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पंचतत्त्वांवर गुण मिळतात. लावलेल्या झाडांच्या संख्येपेक्षा दोन उन्हाळ्यांनंतर जगलेल्या झाडांची संख्या विचारणे अधिक उपयोगाचे असते.

प्रश्न : अहवालात रस्त्याचे काम ‘पूर्ण’ लिहिले आहे, पण रस्ता पहिल्याच पावसात उखडला. आता काय करता येईल?

‘पूर्ण’ या शब्दाचा कार्यालयीन अर्थ, काम मोजले गेले आणि देयक निघाले, एवढाच असतो. प्रत्येक कामाची मोजमाप पुस्तिका असते. खोदाई किती, खडीचा थर किती जाडीचा, डांबरीकरण किती लांबी-रुंदीचे, याची नोंद अभियंता त्यात करतो आणि त्यावरूनच ठेकेदाराला पैसे मिळतात. ती पुस्तिका, अंदाजपत्रकीय तपशील आणि कार्यारंभ आदेश या तिन्हींच्या प्रती मागवून रस्त्यावर टेप घेऊन उभे राहिले, की बरेच काही स्पष्ट होते.

त्याहून महत्त्वाचा आहे तो दोषदायित्व कालावधी. करारात ठरलेल्या या काळात रस्ता खराब झाला, तर तो ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो आणि त्यासाठी त्याची अनामत रक्कम नगरपरिषदेकडे अडकलेली असते. हा काळ संपून अनामत परत गेल्यावर तक्रार केली, तर दुरुस्तीचा खर्च पुन्हा आपल्याच करातून होतो. म्हणून खड्डा दिसताच तारखेसह छायाचित्र काढावे आणि लेखी तक्रारीत ‘सदर काम दोषदायित्व कालावधीत असल्याने ठेकेदाराकडून दुरुस्ती करून घ्यावी’ असे वाक्य आवर्जून लिहावे.

प्रश्न : दाखले आणि परवानग्या आता वेळेत मिळतात का, हे कसे तपासावे?

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ लागू झाल्यापासून जन्म-मृत्यूचे दाखले, मालमत्ता कर उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला, नळजोडणी यांसारख्या अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला आहे. कोणती सेवा, किती दिवसांत, किती शुल्कात, पदनिर्देशित अधिकारी कोण आणि अपील कोणाकडे, याचा फलक कार्यालयात दर्शनी भागी लावणे आवश्यक आहे. फलक सापडला नाही, तर तपासणीची सुरुवात तेथूनच करावी.

मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला गेला, तर ३० दिवसांच्या आत प्रथम अपील करता येते. त्यानंतर द्वितीय अपील आणि पुढे राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे जाता येते. पुरेसे कारण नसताना सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती होऊ शकते. येथे एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. अर्ज तोंडी किंवा नुसता टेबलावर ठेवून कधीही देऊ नये. आपले सरकार पोर्टलवरचा अर्ज क्रमांक किंवा आवक विभागाची सही-शिक्क्याची पोच नसेल, तर मुदत कोणत्या तारखेपासून मोजायची हेच ठरत नाही आणि पुढचे सगळे हक्क कागदावरच राहतात. ‘कागदपत्रे अपुरी आहेत’ असे सांगून अर्ज परत केला जात असेल, तर कोणती कागदपत्रे अपुरी आहेत ते लेखी मागावे. अनेकदा तेवढ्यानेच अर्ज स्वीकारला जातो.

प्रश्न : ‘९५ टक्के तक्रारींचे निवारण’ असे अहवालात आहे. आमची तक्रार मात्र तशीच आहे.

निवारण झालेली तक्रार आणि बंद केलेली तक्रार यांत फरक आहे. पथदिवा बंद असल्याच्या तक्रारीवर ‘संबंधित विभागास कळविले आहे’ असा शेरा मारून ती प्रणालीत बंद केली जाते आणि टक्केवारी वाढते, गल्लीत मात्र अंधार राहतो. म्हणून तक्रार बंद झाल्याचा संदेश येताच काम झाले नसल्यास त्याच दिवशी, जुना तक्रार क्रमांक देऊन, ती पुन्हा नोंदवावी. एकाच विषयाच्या दोन नोंदी राहिल्या की पुढच्या अहवालात तो प्रश्न लपत नाही. स्थानिक पातळीवर दाद लागलीच नाही, तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. तेथे जाताना आधीच्या अर्जांच्या पोचपावत्या तारखेच्या क्रमाने लावून न्याव्यात.

प्रश्न : घरपट्टी वाढली, सेवा मात्र तीच. हा पैसा जातो कुठे?

राग समजण्यासारखा आहे, पण नगरपरिषदेच्या तिजोरीची रचना समजून घेतल्याशिवाय उत्तर अपुरे राहील. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली आणि तेव्हापासून त्या भरपाईपोटी राज्य शासनाकडून सहायक अनुदान येते, त्याचा मोठा भाग वेतनावर जातो. रस्ते, टाक्या, नाट्यगृहे ही बहुतेक नगरोत्थान, अमृत यांसारख्या योजनांच्या निधीतून होतात आणि त्या निधीतही नगरपरिषदेला स्वतःचा हिस्सा घालावा लागतो. दिवाबत्ती, पाणी उपसण्याचे वीजबिल, घंटागाडीचे इंधन, औषधफवारणी असा रोजचा खर्च मात्र घरपट्टी, पाणीपट्टी, गाळाभाडे अशा स्वतःच्या उत्पन्नातून भागवायचा असतो. वसुली घसरली की सर्वांत आधी दुरुस्तीच थांबते, आणि नागरिकाला जाणवते ती तीच.

वसुलीचा तक्ता वाचताना चालू मागणी आणि थकबाकीची मागणी वेगवेगळी पाहावी. मुदतीत न भरलेल्या करावर दरमहा २ टक्के शास्ती चढते. त्यामुळे वर्षानुवर्षे न भरलेल्या काही मोठ्या मालमत्तांची थकबाकी फुगत जाते आणि एकूण वसुलीची टक्केवारी खाली ओढते. अशा वेळी सामान्य घरमालकांनी ९० टक्के चालू कर भरलेला असूनही ‘गाव कर भरत नाही’ असे चित्र उभे राहते. मोठ्या थकबाकीदारांची यादी मागणे, त्यात शासकीय कार्यालयेही असतात का ते पाहणे आणि त्यांच्यावर जप्तीची कोणती कारवाई झाली हे विचारणे, हा नियमित करदात्याचा पूर्ण अधिकार आहे. करवाढ चतुर्वार्षिक, म्हणजे दर चार वर्षांनी होणाऱ्या, आकारणीतून आलेली असेल, तर नोटीस मिळाल्यावर मुदतीत लेखी हरकत घ्यावी. मुदत संपल्यावर कितीही तीव्र भावना व्यक्त केल्या, तरी आकारणी बदलत नाही.

प्रश्न : निधी आला होता, पण परत गेला, असे ऐकतो. हे खरे असते का?

बरेचदा खरे असते. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातील अनुदानाचा ६० टक्के भाग बंधित आहे. त्यातला निम्मा पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी आणि निम्मा स्वच्छता व घनकचऱ्यासाठीच वापरता येतो. तो पैसा सभागृहाच्या रंगरंगोटीला वळवता येत नाही, आणि पाण्याचा आराखडा वेळेत तयार नसेल तर खात्यावर पडून राहतो. म्हणून वार्षिक लेख्यांतील ‘अखर्चित शिल्लक’ ही ओळ पाहावी आणि ती रक्कम कोणत्या योजनेची, हे विचारावे. शिल्लक मोठी आहे म्हणजे नगरपरिषद काटकसरी आहे, असा अर्थ काढू नये. ती बहुधा न झालेल्या कामांची बेरीज असते.

याच ठिकाणी महिला व बालकल्याणासाठीची ५ टक्के आणि दिव्यांग कल्याणासाठीची ५ टक्के तरतूदही तपासावी. ती कागदावर दर वर्षी असते. मार्चअखेरीस घाईघाईने शिलाई यंत्रे वाटून ती संपवली, की वर्षभर नियोजन करून रॅम्प, स्वच्छतागृहे आणि पाळणाघर उभे केले, यावरून त्या नगरपरिषदेचा स्वभाव कळतो, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

प्रश्न : प्रशासकाच्या काळातील कामाचा जाब कोणाला विचारायचा?

आरक्षणाच्या न्यायालयीन वादामुळे राज्यातील अनेक नगरपरिषदांवर २०२१-२२ पासून प्रशासक होते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचे निर्देश दिले आणि डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदा व नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. मधल्या काळात नगरसेवक नसले, तरी ठराव प्रशासकाच्या सहीने होत होते आणि ते सर्व कार्यालयात आहेत. नव्या नगराध्यक्षांनी आणि नगरसेवकांनी आपल्या पहिल्या वर्षाचे यश सांगताना त्या काळातील अंतिम आकडेच पायाभूत धरले पाहिजेत. तसे न केल्यास आधीच मंजूर झालेली कामे नव्याने मोजली जातात. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला भेटताना त्या वर्षांच्या ठरावांची यादी सोबत न्यावी, म्हणजे बोलणे नेमके होते.

प्रश्न : दरडोई आकडे आणि आमचा अनुभव यांत एवढी तफावत का?

एक साधे कारण आहे. २०२१ ची जनगणना झाली नाही, त्यामुळे अनेक तक्त्यांत आजही २०११ ची लोकसंख्या वापरली जाते. त्यानंतर गावाच्या चारही बाजूंनी प्लॉट पडले, अपार्टमेंट उभ्या राहिल्या, हद्दवाढ झाली. पाणी तेवढेच, पिणारी माणसे मात्र वाढलेली, आणि भागाकार जुन्याच आकड्याने. मालमत्ता नोंदवहीतील घरांची संख्या दर वर्षी अद्ययावत होत असते. दरडोईऐवजी दर घरामागे हिशेब मागितला, तर तो अधिक खरा येतो.

प्रश्न : ही सगळी माहिती मिळवायची कशी? कार्यालयात कोणी देत नाही.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार अंदाजपत्रक, अधिकाऱ्यांची कर्तव्ये, योजनांचे लाभार्थी यांसारखी माहिती न मागता प्रसिद्ध करणे नगरपरिषदेवर बंधनकारक आहे. ती संकेतस्थळावर नसेल, तर १० रुपयांचा न्यायालय मुद्रांक लावून अर्ज करावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला हे शुल्क नाही. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे.

अर्ज लिहिताना ‘का केले नाही’ असे विचारू नये, कारण कारणमीमांसा देण्यास माहिती अधिकारी बांधील नसतो. ‘अमुक कामाच्या मोजमाप पुस्तिकेची, अंतिम देयकाची आणि पूर्णत्वाच्या दाखल्याची प्रत द्यावी’ असे लिहावे. कागद पुष्कळ असतील, तर प्रतींऐवजी अभिलेख पाहण्याची मागणी करावी. समोर बसून नस्ती, म्हणजे कामाची फाइल, चाळताना जे दिसते, ते पानांच्या निवडक प्रतींतून दिसत नाही. बांधकाम, पाणीपुरवठा, आरोग्य अशा विभागांतील कर्मचारी बहुतेक वेळा मदत करतात, हाही माझा अनुभव आहे. त्यांच्याशी सौजन्याने बोलावे आणि मागणी मात्र लेखीच ठेवावी.

प्रश्न : आमच्याकडे मागील वर्षाची कोणतीच नोंद नाही. मग तुलना कशी करणार?

ती या १ एप्रिलपासून सुरू करावी. गल्लीतील चार घरे निवडावीत : एक टाकीजवळचे, दोन मधली आणि एक अगदी टोकाचे. प्रत्येकाने पाणी आल्याची व गेल्याची वेळ, २० लिटरची बादली भरायला लागलेली मिनिटे, घंटागाडी न आलेले दिवस आणि बंद पथदिव्याच्या खांबाचा क्रमांक एवढेच लिहावे. महिनाअखेरीस चौघांच्या वह्यांची छायाचित्रे एकत्र करून एक प्रत नगरसेवकाला आणि एक मुख्याधिकाऱ्यांच्या नावे आवक विभागात द्यावी व पोच घ्यावी. पुढच्या वर्षी प्रशासन अहवाल हाती येईल, तेव्हा त्याच्या शेजारी ठेवायला बारा महिन्यांच्या वह्या तयार असतील.